जैनबआपांचं राहिलेलं वाक्य

आधीच सांगून ठेवते, मला सत्कारांची भयंकर चीड आहे. शाल, श्रीफळ, तो सेलोफेनमधला पुष्पगुच्छ आणि 'मी फक्त दोनच शब्द बोलणार आहे' असं म्हणून माइक घट्ट धरून ठेवणारी माणसं. आमच्या क्रॉयडनच्या मराठी मंडळात सगळे म्हणतात, श्यामलाताईंचा स्वभावच तिरसट. असेल बाई तिरसट. पण ही हकीकत ऐका आणि मग काय ते बोला.

आमचं मंडळ दरवर्षी एक नाटक करतं. म्हणजे मी करून घेते. दिग्दर्शन माझं, विंगेत संहिता घेऊन प्रॉम्प्टिंगला उभी राहणारी मीच, आणि कलाकारांना रिहर्सलला उशीर झाला की फोनवरून खडसावणारीही मीच. गेल्या वर्षी मी 'वरची खोली' काढायचं ठरवलं. माझ्या नवऱ्याने, मोहनने, आम्ही नवीन नवीन स्लाऊला राहत होतो तेव्हा एका जुन्या इंग्लिश नाटकावरून केलेलं ते रूपांतर. मोहन जाऊन आता काही वर्षं झाली. त्याचं हस्ताक्षर असलेली ती पानं कपाटातून बाहेर काढायलाच मला इतका वेळ लागला.

मूळ नाटक अगदी वाऱ्यावादळाच्या रात्रीचं, ओसाड माळावरच्या एकट्या घराचं. मोहनने ते घर पन्हाळ्याला नेलं. मराठी रूपांतरात काही वाईट घडायचं असलं की बंगला पन्हाळ्याला नाहीतर महाबळेश्वरलाच लागतो, त्याला तो बिचारा काय करणार! तर त्या घरात अनसूया नावाची बाई राहते. घर तिच्या वडिलांचं, तिला मिळालेलं. नवरा नंतर आलेला. वरच्या बंद खोलीत रोज कुणाची तरी पावलं वाजतात, आणि नवरा म्हणतो, "मला तर काहीच ऐकू येत नाही, अनू. तुला भास होतात." असं म्हणून म्हणून तिला वेडी ठरवायचं आणि घर लाटायचं, हा त्याचा डाव. पावलं त्याचीच असतात. शेवटी अनसूया त्याला त्याच खोलीत कोंडते, बॅग उचलते आणि घर सोडून निघून जाते. पडदा.

सप्टेंबरमध्ये मी लायब्ररीच्या नोटीसबोर्डवर नाटकाचं पोस्टर लावत होते. त्यावर जिना, जिन्याच्या टोकाशी एक खुर्ची, आणि खाली बारीक अक्षरात मूळ इंग्लिश नाटकाचं नाव. मागे एक म्हातारी बाई येऊन उभी राहिली. डोक्याला स्कार्फ, हातात ट्रॉली, ऐंशीच्या आसपास वय. पोस्टरकडे बघत राहिली, बघतच राहिली. मला वाटलं, हिला वाट हवी असेल, म्हणून मी बाजूला झाले. तर तिने इंग्लिशमध्ये विचारलं, "हे नाटक तुम्ही करताय? कुठल्या भाषेत?"

"मराठी," मी म्हटलं.

तशी ती माझ्याकडे वळली आणि हसून म्हणाली, "माझी दादी खेडची. मना थोडी थोडी येते तुमची बोली."

मी टाचणीचा डबा हातात घेऊन तशीच उभी. खेड! रत्नागिरीचं खेड! आणि बाई तर बोलते इंग्लिश, तेही कुठल्या भलत्याच हेलाचं. तिचं नाव जैनब पार्कर. दादा-दादी बोटीतून केप टाउनला गेले, तिथेच राहिले, पोराबाळांच्या घरात कोकणी उरली ती स्वयंपाकघरापुरती. बाहेर सगळं आफ्रिकान्स, म्हणजे तिकडची डच वळणाची भाषा. मी त्यांना जैनबआपा म्हणायला लागले आणि त्या मला 'बाय' म्हणायला लागल्या. आमचं बोलणं अर्धं इंग्लिश, अर्धं त्यांच्या दादीच्या कोकणीत. इथे मी ते आपल्या मराठीतच सांगते.

त्यांच्या फ्लॅटवर पहिल्यांदा गेले तेव्हा चहा टाकता टाकता त्यांनी सगळं सांगितलं. हे नाटक त्यांच्याकडे आफ्रिकान्समध्ये दोनदा झालं होतं. 'दी बोकामर', म्हणजे वरची खोलीच. पहिलं भाषांतर गोऱ्या लोकांच्या मोठ्या थिएटरसाठी. तिथे ह्यांच्यासारख्यांना तिकीट काढायलासुद्धा बंदी. पण शिवणकामाला काळीसावळी माणसं चालत होती! आपा तिथे नायिकेचे झगे शिवायच्या. शो चालू असताना झग्याची कड उसवली तर लगेच टाके घालायला सुईदोरा घेऊन विंगेत उभं राहायचं. असं उभ्याने त्यांनी ते अख्खं नाटक पाठ केलं.

"समोर बसून एकदाही बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "कायम बाजूने. मला त्या बाईचा डावा कानच माहिती."

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. आपा मात्र मजेत हसत होत्या.

रात्री घरी येऊन त्या सगळं नाटक आपल्या भावाला म्हणून दाखवायच्या. भाऊ इस्माईल, शाळेत मास्तर. तो म्हणायचा, "काय गं ही भाषा! इस्त्री केलेली! आपल्या गल्लीत बाई नवऱ्याशी अशी बोलते का?" मग त्याने बसून दुसरं भाषांतर केलं, आपल्या मोहल्ल्याच्या आफ्रिकान्समध्ये. त्यात शिव्या आल्या, थट्टा आली, दादीचे कोकणी शब्दसुद्धा आले. आफ्रिकान्स म्हणजे फक्त गोऱ्यांची भाषा असं त्याने कधी मानलंच नाही. आमच्या मोहल्ल्यातली जुनी मुसलमान माणसं ती अरबी अक्षरांत लिहीत होती, तेव्हा गोऱ्यांना ती लिहायची लाज वाटत होती, असं तो म्हणायचा.

आणि त्याने शेवट बदलला. का, तर त्याच दिवसांत सरकारने फर्मान काढलं होतं की हा सगळा भाग आता गोऱ्यांचा. तुम्ही उठा. गल्लीतली घरं एकेक करून रिकामी होत होती, बुलडोझर येत होते. इस्माईल म्हणाला, ह्या लोकांसमोर मी अशी बाई कशी उभी करू, जी स्वतःच्या बापाचं घर सोडून बॅग घेऊन जाते? बघणाऱ्यांना ते सोसायचं नाही. मग त्याच्या नाटकात ती नवऱ्याला घराबाहेर काढते, स्वतः जिना चढून वरच्या खोलीत जाते, बापाच्या खुर्चीत बसते आणि एक वाक्य बोलते. एकच. मग अंधार.

"काय वाक्य?" मी विचारलं.

आपांनी कपात चहा गाळला आणि मान हलवली. "ते बोलायचं नसतं, बाय. तालमीत नाही, घरात नाही. शेवटचं वाक्य पहिल्यांदा लोकांसमोरच बोलायचं. नाहीतर नाटक अपुरं राहतं."

ही चाल इंग्लिश नाटकवाल्यांची. गोऱ्यांच्या थिएटरातही पाळायचे, आणि विंगेतून आपांनी ती घरी आणली. मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. आपणही नटराजाची पूजा केल्याशिवाय, नारळ फोडल्याशिवाय पडदा उघडतो का? मी स्वतः रंगमंचावर पाऊल टाकण्याआधी वाकून हात लावते.

इस्माईलच्या नाटकात नायिकेचं काम आपांनी केलं होतं. त्यांच्या मोहल्ल्याच्या हॉलमध्ये एकच प्रयोग झाला. इस्माईलच्या ओळखीतले काही गोरे मित्र बघायला आले आणि बाकीच्यांमध्ये मिसळून बसले. तेवढं पुरलं. एकत्र बसायला मनाई होती. आपा जिना चढून खुर्चीत बसल्या, मान वर केली, तोंड उघडलं आणि हॉलचे सगळे दिवे लागले. दारात पोलीस. संहितेची एक प्रत त्यांनी नेली, दुसरी पुढे घर पाडलं तेव्हा कुठे गेली ते कळलंच नाही. इस्माईलला शाळेतून काढलं. तो लवकर गेला. आपा लग्न करून लंडनला आल्या, इथल्या नाटकवाल्यांचे झगे शिवून त्यांनी आयुष्य काढलं. परत कधी स्टेजवर गेल्या नाहीत.

"म्हणजे ते वाक्य कुणीच ऐकलेलं नाही?"

"इस्माईलने लिहिलं तेव्हा त्याने मला वाचायला दिलं. त्यानेही तोंडाने म्हटलं नाही." त्यांनी छातीवर हात ठेवला. "इथे आहे."

मी काय तो विचार करायला एक रात्रही घेतली नाही. तिथेच बसल्या बसल्या म्हटलं, "आपा, आमच्या नाटकात तुम्ही या. आपण इस्माईलभाईंचा शेवट करू. आमची नायिका वैभवी खुर्चीत बसेल, अंधार होईल, उजेड आला की खुर्चीत तुम्ही. म्हातारी झालेली अनसूया. अजून त्याच घरात. तुम्ही तुमचं वाक्य बोला, तुमच्या भाषेत."

त्यांनी कप खाली ठेवला. मग इतकंच म्हणाल्या, "मना जिना चढवंल काय गं?"

जिना आम्ही चार पायऱ्यांचा केला.

वैभवी ही आमची अनसूया. पुण्याची, एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये, व्हिसा रिन्यूअलच्या टेन्शनमध्ये कायम, पण कामाला चोख. तिला आपा इतक्या आवडल्या की ती त्यांना ट्रॅम स्टॉपवरून आणायला-पोचवायला जायची. तालमीत आपा चार पायऱ्या हळूहळू चढायच्या, खुर्चीत बसायच्या, मान वर करायच्या, आणि वाक्याच्या जागी खुर्चीच्या हातावर बोटाने दोनदा वाजवायच्या. टक, टक. तो लाइटवाल्याला इशारा. त्यावर अंधार करायचा. रोज तेवढंच. आणि सांगते, त्या टक टकनेच माझ्या अंगावर काटा यायचा. खरं वाक्य आल्यावर काय होईल ह्याची मी वाट बघत होते. आम्ही सगळेच बघत होतो. वैभवी तर एकदा गयावया करत म्हणाली, "आपा, प्लीज, माझ्या कानात तरी सांगा ना."

"मोठी हावरी हाय गं तू," आपा म्हणाल्या. "तिकीट काढ आणि ऐक."

प्रयोग नोव्हेंबरमधल्या एका रविवारी दुपारी. हॉल आम्हाला संध्याकाळी सहापर्यंत. त्यानंतर तिथे एका चर्चची प्रार्थना असते, ती मंडळी दर रविवारी वेळेवर हजर. हे सगळ्यांना माहीत होतं. मी आमच्या अध्यक्षांना, रवीला, बजावून ठेवलं होतं, "रवी, नाटक अडीच तासांचं आहे. वेळेत तिसरी घंटा झालीच पाहिजे."

"डोन्ट वरी, श्यामलाताई," रवी म्हणाला. "छोटासा कार्यक्रम आधी, मग लगेच नाटक."

रवी मनाने फार चांगला, तेही सांगते. कुणाच्या घरी मयत झालं की पहिला हाच धावतो. पण त्याच्या हातात माइक देऊ नये.

आधी दीपप्रज्वलन. स्मोक अलार्ममुळे बॅटरीचे दिवे, तरी त्यालाही पाच मान्यवर लागले. मग मुलांची गणेशवंदना, ती एकदा साउंड न आल्यामुळे परत पहिल्यापासून. मग प्रायोजकांचे सत्कार. एक मॉर्गेजवाले, एक केटरिंगवाले, एक इस्टेट एजंट. मॉर्गेजवाल्यांनी इंटरेस्ट रेटवर मार्गदर्शन केलं. विंगेत मी धुमसत होते. वैभवी मेकअप करून बसलेली, तिचा घाम मी टिशूने टिपत होते. आपा त्यांच्या काळ्या पोशाखात एका स्टुलावर शांत बसलेल्या. एवढ्या आवाजात त्यांचे ओठही हलत नव्हते. मी मनाशी म्हटलं, आता पुरे, जाऊन माइकच काढून घेते.

आणि नेमकं तेव्हा रवी म्हणाला, "आता आपण एका अशा व्यक्तीचा सन्मान करणार आहोत..."

मंडळाला आपांना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता! मला कुणी विचारलं नव्हतं. आपांना हाताला धरून स्टेजवर नेलं, पैठणीच्या काठाची शाल घातली, नारळ दिला. सगळा हॉल उभा राहिला. मग रवी त्यांचं आयुष्य सांगायला लागला. दादी, बोट, केप टाउन, वर्णद्वेष, इस्माईलभाई, पोलीस. तो गहिवरून बोलत होता, लोक डोळे पुसत होते. आता सांगा, मी काय करायला हवं होतं? मध्येच जाऊन म्हणायला हवं होतं, की हिचा सत्कार बंद करा? कुणाच्या तोंडावर तिचाच सत्कार कसा थांबवायचा? माझे पाय नाही उचलले गेले. रवीनंतर खजिनदार बोलले, खजिनदारांनंतर महिला आघाडीच्या सुलक्षणाबाईंनी स्वतः केलेली कविता वाचली. आपा नारळ पोटाशी धरून उभ्या. एकदा त्यांनी विंगेकडे माझ्याकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या. घंटा कधी, असं विचारत होत्या.

तिसरी घंटा झाली तेव्हा मला कळून चुकलं होतं. तरी मी सगळ्यांना सांगितलं, भराभर घ्या, पॉझ घेऊ नका. मध्यंतर रद्द केलं. त्यावर वड्यांचे बॉक्स घेऊन बसलेले केटरिंगवाले रुसले. पोरांनी जीव तोडून काम केलं. वैभवीने असं काम कधी केलं नव्हतं. तिसऱ्या अंकात तिने नवऱ्याला दार दाखवलं तेव्हा हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. आता फक्त जिना राहिला होता. आपा स्टुलावरून उठल्या, शाल काढून माझ्या हातात दिली. मी त्यांचा हात दाबला.

वैभवी चार पायऱ्या चढली, खुर्चीत बसली. अंधार झाला. आपा माझ्या शेजारून पुढे सरकल्या. त्यांचं एक पाऊल पहिल्या पायरीवर होतं, आणि हॉलचे सगळे दिवे लागले.

केअरटेकर बाई दाराशी उभी होती. तिची काही चूक नाही. तिने दोनदा सांगितलं होतं आणि वर पंधरा मिनिटं जास्त दिली होती. तिच्या मागे चर्चची माणसं, पांढऱ्या कपड्यांत, ड्रमसेट घेऊन. रवी घाईघाईने स्टेजवर आला आणि हात जोडून म्हणाला, "वेळेअभावी आपल्याला इथेच थांबावं लागतंय..." पण ते कुणाला ऐकू गेलं नाही, कारण लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, नाटक संपलं. बाई घरात राहिली, खुर्चीत बसली, छान शेवट. उभे राहून टाळ्या वाजवत होते मेले! आणि मग वड्यांच्या रांगेला लागले.

आपा पायरीवर एक पाय ठेवून तशाच. मी जाऊन त्यांना धरलं. मला हुंदका आवरेना. एवढी मोठी बाई मी, सगळ्यांना दमात घेणारी, आणि विंगेत लहान पोरीसारखी रडले.

त्यांनीच माझी पाठ थोपटली. म्हणाल्या, "रडू नको, बाय. तेव्हा पोलीस आले होते. आता फुलं आली. काही तरी सुधारलंच की."

त्या हे थट्टेने बोलल्या की मनापासून, मला आजवर कळलेलं नाही. पण ते आठवलं की मला अजून जेवण जात नाही.

त्यांना घरी सोडताना मी गाडी एका बाजूला घेतली. नारळ त्यांच्या मांडीवर होता. मी म्हटलं, "आपा, आता बोला. मला एकटीला सांगा. मीही लोकांपैकीच आहे ना?"

"गाडीत?" त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं मी ते गाडीत बोलण्यासाठी ठेवलं? हॉल बुक कर, श्यामला."

हॉल मी दुसऱ्याच दिवशी बुक केला. मिळाला मार्चमधला रविवार. मंडळाच्या मीटिंगमध्ये मी असा काही तोंडाचा पट्टा सोडला की रवीने डोळ्यांतून पाणी काढलं. "ताई, मला त्यांना आनंद द्यायचा होता हो," तो म्हणाला. खरंच होतं ते. वाईट त्याचंच वाटतं, की कुणीही वाईट वागलं नाही. इतक्या मायेने आम्ही आपांच्या तोंडचं वाक्य काढून घेतलं.

डिसेंबरात आपा तालमीला आल्या. टक, टक. जानेवारीत गारठा वाढला, त्यांना खोकला झाला, तरी फोनवर मला विचारायच्या, "मार्च नक्की ना? भाषण नाय ना?" मी म्हणायचे, "जो भाषण करील त्याला मी आधी त्या वरच्या खोलीत कोंडेन." त्या खोकत खोकत हसायच्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांची नात मायरा हिचा फोन आला. न्यूमोनिया. दुसऱ्या दिवशी त्या गेल्यासुद्धा.

दफनाला वैभवी आणि मी गेलो. नंतर मायराने आम्हाला घरी नेलं, समोसे दिले, आजीच्या गोष्टी विचारल्या. मी धीर करून तिला विचारलं, शेवटी काही बोलल्या का, आफ्रिकान्समध्ये काही? नाटकातलं काही?

"मला आफ्रिकान्स येत नाही, आन्टी," ती इंग्लिशमध्ये म्हणाली. "आईलाही नाही. आजीने कधी शिकवलीच नाही आम्हाला. ती झोपेत बोलायची थोडं. आणि बिछान्याच्या कडेवर बोटाने दोनदा काही तरी वाजवायची."

वैभवीने माझा हात धरला. मी समोसा तसाच ठेवला.

आठवड्याभराने रवीचा फोन. आवाज खोल गेलेला. "ताई, मार्चच्या प्रयोगाआधी श्रद्धांजली ठेवूया का? फोटो, हार, दोन मिनिटं शांतता. आणि मी फक्त दोन शब्द..." मी काही म्हणायच्या आतच तो स्वतःच थांबला. म्हणाला, "नको. सॉरी, ताई. नको." आणि त्याने फोन ठेवला. माझा जो उरलासुरला राग होता तो तिथे गेला. तो राग होता तेव्हा बरं होतं, निदान कुणावर तरी ढकलता येत होतं.

वैभवीने विचारलं, आता शेवट कोणता करायचा? मोहनचा, बॅगवाला, तयारच होता. मोहनच्या हस्ताक्षरातला. मी त्याच्या फोटोकडे बघून म्हटलं, माफ कर रे, तुझा नाही करणार.

मार्चच्या त्या रविवारी दिवा नाही, वंदना नाही, माइक तर मी गाडीच्या डिकीत टाकून कुलूप घातलं होतं. ठरल्या वेळेला तिसरी घंटा. निम्मा हॉल रिकामा, कारण आपली माणसं भाषणांच्या हिशेबानेच उशिरा निघतात. येत राहिले बिचारे अंधारात ठेचकाळत. रवी दाराशी उभा राहून प्रत्येकाला ओठावर बोट ठेवून आत सोडत होता. मायरा पहिल्या रांगेत मधोमध बसली होती. तिची आजी जिथे कधी बसली नाही तिथे.

नाटक व्यवस्थित झालं. वैभवीने नवऱ्याला बाहेर काढलं, जिना चढली, खुर्चीत बसली. अंधार. ती हळूच उठून मागे निघून गेली. उजेड आला. खुर्ची रिकामी.

लोक थांबले. ह्या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांना कळत होतं की अजून काही तरी यायचंय.

मी विंगेत होते, हातात संहिता. आयुष्यभर मी हेच काम केलं. कुणी अडकलं की मी वाक्य पुरवायचं. मोहन अडकला, वैभवी अडकली, कितीतरी जण अडकले, मी कुणालाही उघडं पडू दिलं नाही. आता समोर खुर्ची थांबली होती, हॉल थांबला होता, आणि माझ्याकडे द्यायला वाक्य नव्हतं. जगात कुणाकडेच नव्हतं. नटराजाच्या कृपेने कुठून कानात येईल म्हणून मी खरंच कान देऊन उभी राहिले. काही आलं नाही.

लाइटवाला माझ्याकडे बघत होता.

शेवटी मी विंगेच्या लाकडी चौकटीवर बोटाने दोनदा वाजवलं. त्याने अंधार केला.